रिपोर्ट नॉर्मल, मग हाड मोडलं कसं?

पत्र :

ताई, तीन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११४ किलो होतं, आता ७२ आहे. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना धाप लागत नाही. पहिलं वर्ष सांगितलेल्या सगळ्या गोळ्या घेतल्या. मग रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, कॅल्शियमनं मुतखडा होतो. म्हणून गोळ्या सोडल्या आणि रोज सकाळी नाचणीची आंबील सुरू केली. गेल्या महिन्यात अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरले, हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं हाडं विरळ दिसतात. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली आहे, अजून सुरू केलेली नाही. पुन्हा रक्त तपासलं तर कॅल्शियम ९.१, म्हणजे नॉर्मलच! मग हाडं कशी खराब? मी ४८ वर्षांची, पाळी मागेपुढे होते. थायरॉइडची गोळी चालू आहे, केस गळतात म्हणून बायोटिन घेते. शाकाहारी आहे; सोमवार आणि एकादशी करते. ऑपरेशन करून चूक केली का? कॅल्शियम पुन्हा सुरू करायचं तर सगळं रात्री एकदम घेतलं तर चालेल का? आणि माझी भाची पुण्यात वजनासाठीच स्लीव्हचं (पोट छोटं करण्याचं) ऑपरेशन करून घेते आहे, तिला काय सांगू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

आधी त्या ९.१ चं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला आहे.

रक्तातलं कॅल्शियम हाडांची खबर देत नाही. हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, नसांमधले संदेश या सगळ्यांना रक्तात ठरावीक कॅल्शियम लागतं, म्हणून शरीर ते साधारण ८.५ ते १०.५ च्या मध्ये धरून ठेवतं. मानेत थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. कॅल्शियम जरा खाली सरकलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम बाहेर जाऊ देऊ नकोस, आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. कमावणाऱ्याचा पगार थांबल्यावर एकेक दागिना मोडून घरखर्च भागवावा आणि दारी येणाऱ्याला सगळं आलबेल दिसावं, तसं तुमच्या शरीरात दोन वर्षं चाललं असावं. ९.१ हा आकडा खोटा नाही. फक्त तो कुठून भरला गेला, हे त्या कागदावर छापलेलं नसतं.

ते बघायचं तर दुसऱ्या तपासण्या लागतात. पीटीएच, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, अल्कलाइन फॉस्फटेज, आणि कॅल्शियमसोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, कारण प्रथिनं कमी पडली असतील तर कॅल्शियमचा आकडा दुरुस्त करून वाचावा लागतो. जमलं तर चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही. पीटीएच वाढलेलं, डी कमी आणि लघवीत कॅल्शियम जवळजवळ नाहीच, असं आलं तर दागिने मोडले जात आहेत हे नक्की. जोडीला कणा आणि खुबा यांचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) करून घ्या. पुढच्या वेळी तो शक्यतो त्याच मशीनवर करा, म्हणजे दोन आकडे एकमेकांशी ताडता येतील.

रक्त द्यायला जाण्याआधी एक गोष्ट मात्र करायचीच. बायोटिन निदान तीन दिवस बंद ठेवा, आणि मोठ्या डोसचं असेल तर किती दिवस आधी थांबायचं ते लॅबला विचारा. केसांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या कित्येक पट. बऱ्याच लॅबमध्ये संप्रेरकं मोजण्याच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यात लुडबुड करतं. पीटीएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं, काही यंत्रांवर डी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, थायरॉइडचे आकडेही फसवे येतात. म्हणजे तुमच्या बाबतीत नेमके जे दोन आकडे बघायचे, तेच छान दिसतील आणि पुन्हा सगळं नॉर्मल म्हणून तुम्ही घरी याल. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, पण आपल्याकडे रक्त घेणारा मुलगा ‘उपाशी आहात ना?’ एवढंच विचारतो. आणि खरं सांगायचं तर ऑपरेशननंतरचं केस गळणं बहुतेकदा झपाट्यानं उतरलेल्या वजनामुळे आणि प्रथिनं, लोह, झिंक कमी पडल्यामुळे असतं. बायोटिनचा त्यात फारसा उपयोग नाही.

आता बायपासनं काय केलं ते. कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात, डी जीवनसत्त्वाच्या मदतीनं शोषलं जातं. बायपासमध्ये अन्न नेमका तोच भाग टाळून पुढे जातं. शिवाय छोट्या केलेल्या पोटात आम्लही नावापुरतंच उरतं. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी एक मोजमाप प्रसिद्ध केलं. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी किती अंगी लागतं, हे त्यांनी बायपासच्या आधी आणि सहा महिन्यांनी तपासलं. आधी ते सुमारे ३३ टक्के होतं, नंतर ७ टक्क्यांच्या आसपास आलं. आणि या लोकांना डी जीवनसत्त्व व्यवस्थित दिलेलं होतं. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. वजन उतरलं की हाडांवरचा भार कमी होतो, आणि भार नसलेलं हाड शरीर सांभाळत बसत नाही. आणि तुमच्या वयात पाळी जाऊ लागते तसं इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, त्यानंही हाडं झिजतात. बायपासनंतर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत खुब्याची घनता ८ ते १० टक्क्यांपर्यंत उतरलेली अनेक अभ्यासांत दिसली आहे. उभ्या उभ्या घसरून मनगट मोडणं ही त्याचीच खूण. ‘फरशी ओली होती’ म्हणून ते सोडून देऊ नका.

ऑपरेशन चूक होती का, असं विचारलंत. मला नाही वाटत. ११४ किलो वजन आणि मधुमेह घेऊन पुढची वीस वर्षं काढली असती तर हृदय, डोळे, मूत्रपिंड यांचं काय झालं असतं, हेही त्याच तराजूत टाका. चूक झाली ती गोळ्या सोडण्यात. आणि तीही सगळी तुमची नाही. त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात हे डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत लिहून भागत नाही, दर भेटीत सांगावं लागतं.

नाचणीवर माझा राग नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये तिच्या जवळपासही कोणी नाही, आणि पीठ रात्रभर आंबवल्यानं कॅल्शियम अडवून ठेवणारी फायटेट्स कमी होतात. आंबील उत्तमच. पण वाटीभर आंबिलीत पीठ जातं दोन मोठे चमचे, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम. त्यात कॅल्शियम सत्तर ते नव्वद मिलिग्रॅम, आणि वरच्या सात टक्क्यांच्या हिशेबानं पोटात राहणार पाच-सहा. बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांना आहार आणि गोळ्या मिळून रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आंबील ताकात करा, चवीला मजा येईल आणि कॅल्शियमही वाढेल, पण ती गोळीच्या जागी नको.

गोळी कोणती, हे महत्त्वाचं आहे. दुकानात सहज हातात येते ती बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची. तिला विरघळायला आम्ल लागतं, आणि तुमच्याकडे तेच नाही. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर आणखीच नाही (तीही अजून खरंच लागते का, ते डॉक्टरांना एकदा विचारा; वर्षानुवर्षं चालू राहिली तर हाडांना तीही फार मानवत नाही). तुम्ही कॅल्शियम सायट्रेट मागा. आणि पाकिटावरचा मोठा आकडा बघून फसू नका. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ’ लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१० मिलिग्रॅमच असतं. ‘एलिमेंटल कॅल्शियम’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, तो आकडा धरायचा. चष्मा लावून वाचा, नाहीतर केमिस्टकडून वाचून घ्या.

सगळं रात्री एकदम? नाही चालणार. आतडं एका वेळी ५००–६०० मिलिग्रॅमच्या वर फारसं घेऊ शकत नाही, बाकीचं वाया जातं. त्यातून तुमची थायरॉइडची गोळी आहे, जिच्यापासून कॅल्शियम आणि लोह निदान चार तास लांब हवं. कॅल्शियम आणि लोह यांच्यातही दोन तासांचं अंतर हवं, कारण दोघं एकमेकांना अडवतात. तुमचा दिवस मी असा मांडला असता: सकाळी सहाला थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर. चहा, नाश्ता नेहमीसारखा. अकराच्या सुमाराला लोहासकट मल्टिव्हिटॅमिन, लिंबूपाण्याबरोबर, आणि त्याच्या आगेमागे तासभर चहा नाही. एक-दीडला जेवणाबरोबर पहिलं कॅल्शियम, संध्याकाळच्या खाण्याबरोबर दुसरं, रात्रीच्या जेवणाबरोबर तिसरं. दूध-दही चांगलं पोटात जात असेल तर तीनाऐवजी दोन पुरतील का, हे डॉक्टर तपासण्या बघून ठरवतील. मोबाइलवर तीन गजर लावा. आठवणीच्या भरवशावर हे आयुष्यभर निभत नाही.

डी जीवनसत्त्वाचं लक्ष्य ३० नॅनोग्रॅमच्या वर. बायपासनंतर सुरुवात बहुधा रोज ३००० युनिट डी-३ नं होते. आपल्याकडे डॉक्टर बरेचदा ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल देतात. ती आठवड्याची असते, रोजची नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण रोज घेऊन आजारी पडलेले लोक मी पाहिले आहेत. थोड्या तूप-तेलाच्या जेवणाबरोबर घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. नाशिकचं ऊन कितीही कडक असलं तरी त्याच्यावर विसंबू नका, आपण त्यातून छत्री आणि ओढणी घेऊनच जातो. बी-१२ ही बघा. शाकाहार आणि बायपास दोन्ही एकत्र म्हटल्यावर ते कमी असण्याचीच शक्यता जास्त. तोंडानं रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, हा नेहमीचा मार्ग.

आता काकूंचा मुतखडा. बायपासनंतर मुतखड्याचा धोका वाढतो, इथवर काकू बरोबर आहेत. पण त्याचं कारण उलटं आहे. एरवी अन्नातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य आतड्यातच कॅल्शियमला चिकटतं आणि शौचावाटे निघून जातं. बायपासनंतर न पचलेली चरबी ते कॅल्शियम पळवते, ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात जाऊन खडे करतं. अशा वेळी कॅल्शियम बंद केलं तर ऑक्झलेटला अडवायला कोणीच उरत नाही. म्हणूनच कॅल्शियम जेवणासोबत घ्यायचं, आणि सायट्रेट स्वतःही खडा व्हायला विरोध करतं. ऑक्झलेटनं भरलेल्या पालक आणि बीट यांचे ढीग करू नका, कॅल्शियमसाठी पालक खायचा सल्ला तर या कानानं ऐकून त्या कानानं सोडा. पाणी दिवसभर घोट घोट, जेवताना मात्र नको. आधी कधी खडा झाला असेल तर डॉक्टरांना सांगा, मग लघवीची तपासणी करून डोस ठरेल.

प्रथिनांबद्दल तुम्ही काही लिहिलंच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त शंका तिथेच आहे. हाडाचा सांगाडा प्रथिनाचाच असतो, कॅल्शियम त्यावर नंतर बसतं. तुम्हाला रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर आमटी, दोन पोळ्या, वाटीभर दही आणि ती आंबील, असा दिवस धरला तर वीस-बावीस ग्रॅमच्या पुढे गाडी जात नाही. पोट लहान, जेवण चार घासांचं, त्यामुळे पहिला घास प्रथिनाचा आणि पोळी-भात शेवटी, हा क्रम लावून घ्या. मुगाची धिरडी, मटकीची उसळ, पनीर (५० ग्रॅममध्ये नऊएक ग्रॅम), सोयाबीनच्या वड्या (सुक्या २५ ग्रॅममध्ये बारा-तेरा ग्रॅम), बिनसाखरेचा चक्का. एवढं करूनही आकडा गाठत नसेल तर दुधात चमचाभर व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रथिनांची भुकटी) घालायला लाजू नका, ते फक्त जिममधल्या पोरांसाठी नसतं.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. सोमवार आणि एकादशी धरून महिन्यातले सहा-सात दिवस तुम्ही प्रथिनांशिवाय काढता, आणि चातुर्मासात काय होत असेल ते तुम्हालाच ठाऊक. उपासाला ताक, दही, पनीर, दूध, वरीबरोबर दाण्याची आमटी घ्या. दाणे बेतानं, त्यातही ऑक्झलेट असतं. निर्जळी एकादशी मात्र नको. मुतखड्याला तेवढंच निमंत्रण पुरतं. आणि गोळ्यांनी उपास मोडत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली आठवड्याची गोळी सुरू केली नाहीत ते बरं झालं. ती बहुधा हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटसारखी असेल. ती अन्ननलिकेला आणि पोटाला बोचते. तुमचं छोटं पोट आतड्याला जोडलं आहे त्या सांध्यावर व्रण पडण्याची भीती असते, आणि बायपासमध्ये ती किती शोषली जाईल याचा भरवसा नाही. या वर्गातलं औषध खरंच लागणार असेल तर सलाइनवाटे वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड हा पर्याय असतो. पण तेही डी आणि कॅल्शियम भरून निघाल्यावर, मूत्रपिंड तपासून. डी कमी असताना ते दिलं तर हाडांतून येणारा कॅल्शियमचा ओघ एकदम थांबतो, रक्तातली पातळी कोसळते, ओठांना मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. हाडांच्या डॉक्टरांना बायपासचं सांगितलं होतंत का? प्लॅस्टर घालायच्या गडबडीत राहून गेलं असणार. तुमची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि हे डॉक्टर यांची फोनवर गाठ घालून द्या, किंवा सरळ एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे जा. मनगट दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या परस्पर घेऊ नका, बायपासच्या सांध्यावर त्या व्रण पाडतात. पॅरासिटामॉलवर भागतं का बघा.

बसून उठताना मांड्यांत जोर नसणं, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणं, नडगी किंवा बरगडी दाबली की दुखणं, असं काही होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. हाडं विरळ होणं वेगळं आणि डीअभावी मऊ पडणं वेगळं, दोन्हींचे उपचार वेगळे.

प्लॅस्टर निघाल्यावर व्यायाम लागेल, आणि हाडांना भार वाटेल असा. पोहणं, सायकल हृदयाला छान, हाडांना त्यातून फारसं कळत नाही. भरभर चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. पांडवलेणीच्या पायऱ्या तुमच्या गावातच आहेत, पण हात बरा होईपर्यंत कठडा धरून. ऑस्ट्रियात बायपास आणि स्लीव्ह झालेल्या लोकांवर एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डी, कॅल्शियम, प्रथिनं आणि व्यायाम असं सगळं एकत्र दिलेल्या गटात हाडांची झीज स्पष्टपणे कमी होती. पूर्ण थांबली नाही, पण कमी झाली. तुम्हाला मी तेवढंच वचन देऊ शकते.

भाचीला काय सांगायचं? ऑपरेशनच्या आधीच डी, पीटीएच, बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा) तपासून घे आणि कमी असेल ते आधी भर. जाड माणसांत डी मुळातच कमी असतं, ते चरबीत अडकून राहतं. डेक्सा आधी एकदा आणि दोन वर्षांनी पुन्हा. स्लीव्हमध्ये आतडं वळवत नाहीत म्हणून हाडांची झीज सहसा बायपासपेक्षा कमी, पण गोळ्या तिलाही सुटत नाहीत. लग्न झालेलं असेल किंवा ठरत असेल तर बाळाचा विचार ऑपरेशननंतर निदान बारा ते अठरा महिने लांबणीवर. आणि पहिल्या काही महिन्यांत सतत उलट्या होऊ लागल्या तर ‘पोट अजून बसलं नाही’ म्हणत घरी थांबायचं नाही. बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. मग डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात. तिच्या आईला आत्ताच सांगून ठेवा, की बाटली लावायच्या आधी ‘हिचं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या’ असं म्हणायचं.